ताटावरचं नाव

लीलाबरोबर प्रवासाला निघायचं म्हणजे जाताना एक पिशवी आणि येताना एक हमाल लागतो. हमाल मी. तिचा नियम असा, की परगावी गेलं की त्या गावची माणसं घरात वापरायला जे घेतात तेच आपण घ्यायचं, आणि तेसुद्धा लहान दुकानातून, जिथं मालक स्वतः गल्ल्यावर बसलेला असतो. काचेची दारं आपोआप उघडणाऱ्या दुकानात ती पाय ठेवत नाही. तिथं भांडायला माणूस सापडत नाही, म्हणते. त्यामुळे डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत सावंतवाडीचा पोळपाट आहे, सोलापूरच्या चादरी आहेत, कुठल्याशा घाटातून आणलेला बिडाचा तवा आहे. या तव्यापायी माझी कंबर धरली ती आजतागायत पूर्ण सुटलेली नाही.

कोल्हापूरला मात्र आम्ही खरेदीला आलो नव्हतो. अंबाबाई आमची कुलस्वामिनी. लग्नाची पहिली पत्रिका तिच्यापुढे ठेवायची, ही आमच्या घरची रीत. पत्रिका ठेवली. लग्न आमच्या सुनेचं होतं.

सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला चाचपडायला नको. अभिराम आमचा एकुलता एक मुलगा. तीन वर्षांपूर्वी डेंगीचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेला. त्याची बायको अंतरा. तिला आई-वडील नाहीत, काकांनी वाढवलेली, आणि काका आता स्वतःच दुसऱ्याच्या आधाराने चालतात. ती आमच्याकडेच राहिली. सकाळी दवाखान्यात कामाला जायची, संध्याकाळी यायची, आम्हा दोघांना औषधं घेतली का म्हणून दटावायची. मग तिच्या दवाखान्यात विश्वजित नावाचा एक बरा माणूस आला. तिने आम्हाला सांगितलं तेव्हा ती रडत होती आणि लीला तिला म्हणाली, "अगं वेडे, रडतेस काय, पत्रिका छापू या." मला तेव्हा माझ्या बायकोचा फार अभिमान वाटला.

पण त्यानंतर एकदा भाजी निवडता निवडता लीलाने मला विचारलं, "लग्न झाल्यावर ती आपल्याकडे कोण म्हणून येईल हो?" मी चिडून म्हणालो, "कोण म्हणून म्हणजे? अंतरा म्हणून येईल." लीलाने भाजीची पुढची जुडी सोडली. माझं उत्तर मलाच पटलं नव्हतं. बाई माहेरी जाते, सासरी जाते. आधीच्या सासरी कुणी कशाला जातं? पहिल्या वर्षी येईल, दुसऱ्या वर्षी फोन करील, मग तिला तिचा संसार असेल. कुणाचा दोष नसतो त्यात. पण ती यायची थांबली तर आमच्या घरात आम्ही दोघं आणि भिंतीवरचा फोटो एवढंच उरणार होतं, आणि याची आम्हा दोघांनाही भीती वाटत होती. हे तिच्याजवळ बोलायचं नाही, असं आम्ही न बोलताच ठरवलेलं. जाणाऱ्या माणसाच्या पायात असल्या गोष्टी अडकवू नयेत.

तर आम्ही तिघं, म्हणजे अंतराही, देवळातून बाहेर पडलो आणि लीलाला गाव दिसलं. मग काय विचारता.

आधी कपिलतीर्थ मंडई. तिथं चटणीसाठी मिरच्या. मिरची विकणारी बाई म्हणाली, "तिखाट सोसल का पावण्यास्नी?" हे तिने माझ्याकडे बघून विचारलं. लीलाने तिथंच ठाण मांडलं आणि दोघींनी मिळून माझ्या पोटाची चर्चा केली. मग गूळ. मग चपला. चपलांच्या दुकानात अंतराने मला स्टुलावर बसवलं आणि एकेक जोड माझ्या पायात चढवून बघायला लागली. "बाबा, विश्वजितचं माप तुमच्याएवढंच आहे," ती म्हणाली. अभिरामचा पाय माझ्याहून मोठा होता. कॉलेजात असताना माझ्या चपला त्याने घालून घालून सैल केल्या होत्या. हे मनात आलं आणि मी दुकानदाराशी उगाचच वाद घातला, की कातडं कडक आहे, पायाला चावतंय. तो बिचारा म्हणाला, "आवो, चार दिस तेल लावा की." अंतराने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोच जोड बांधायला सांगितला.

शेवटी भांड्यांचं दुकान. महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत, अरुंद आणि खोल. दारात पिंपं, छताला टांगलेल्या कळश्या, आत मोडीच्या पितळेचा ढीग. मालकाचं नाव दादासो. पांढरा सदरा, पांढरी विजार आणि समोरच्या गल्लीतल्या माणसाशी बोलावं इतका मोठा आवाज. दुकानातल्या बाकावर एक म्हातारी मांडी घालून बसली होती. तिची घागर कल्हईला दिली होती आणि ती मिळेपर्यंत उठायचा तिचा विचार नव्हता.

"या पावणं. कुठनं आलासा?"

"डोंबिवलीहून."

"लई लांबनं आलासा की. बसा. काय दावू?"

लीला म्हणाली, "काशाची ताटं दाखवा. जोडी हवी. लग्नात द्यायची आहे."

दादासोने अंतराकडे बघितलं. "लेकीचं लगीन व्हय?"

लीलाने माझ्याकडे बघितलं, मी वर पंख्याकडे बघितलं. कोल्हापुरात कुणी काही विचारलं तर ते अख्ख्या गल्लीच्या देखत विचारलेलं असतं, आणि तिथं उभं राहून आमची कहाणी सांगायचं मला मुळीच बळ नव्हतं. तेवढ्यात अंतरा म्हणाली, "हो. माझंच."

"नाक बापाचं घेतलंय पोरीनं," बाकावरची म्हातारी म्हणाली.

मी नाकाला हात लावला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. लीला तर चक्क हसली, आणि म्हातारीच्या शेजारी जाऊन बसली. म्हातारीचं नाव धोंडुबाई, मुरगूडची. "नातीचं लगीन हाय, म्हणून आलोय," ती म्हणाली. मग दोघींचं नातींच्या, लेकींच्या लग्नांवर बोलणं सुरू झालं. मुलीच्या आया जशा बोलतात तशी लीला बोलत होती. सामान किती करावं, पोरींना हल्ली स्टीलच आवडतं, वगैरे. तिने हे बोलणं आयुष्यात कधी केलेलं नव्हतं, पण कुठंही अडखळली नाही.

दादासोने ताटं काढली. काशाचं ताट घ्यायचं तर बोटाने टिचकी मारून नाद ऐकायचा असतो. लीलाने कानाजवळ धरून एकेक ताट वाजवलं आणि पाच-सहा तरी नापास केली.

"डोंबिवलीत यापेक्षा बरी मिळतात," ती म्हणाली.

"मग डोंबिवलीतच घ्यायची हुती की!" दादासो म्हणाला.

लीला खूश झाली. अशा माणसाशी घासाघीस करायला तिला आवडतं. अंतराने नक्षीची ताटं बाजूला सारली आणि साध्या काठाची जोडी निवडली. रोज जेवायला घ्यायची, म्हणाली, भिंतीला लावायची नाहीत. मग दादासोने विचारलं, "नावं घालायची न्हवं?" लग्नाच्या हॉलवर कुणाची भांडी कुणाच्या पोत्यात जातील याचा नेम नसतो, म्हणून नाव हे हवंच. लीला आणि अंतरा आत तांब्या बघायला गेल्या आणि नावांचं काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात ते खातं माझंच. सरकारी कचेरीत लोकांची नावं लिहिण्यात हयात गेली.

दादासोने विजेचं पेन सुरू केलं. "बोला नाव."

"अंतरा अभिराम देवस्थळी," मी म्हणालो.

सकाळीच लॉजवर असंच सांगितलं होतं. गॅसवाल्याला, रेशनला, बँकेत, तिकिटाच्या खिडकीत, गेली कितीतरी वर्षं असंच सांगत आलो. तोंडातून एका दमात बाहेर पडलं. पेन घूं घूं करत काठावरून फिरायला लागलं आणि मी आरामात बघत बसलो. शपथेवर सांगतो, मला काही कळलं नाही. माझं लक्ष त्याच्या अक्षराकडे होतं. त्याचा 'भ' फार सुबक होता आणि मी मनात त्याचं कौतुक करत होतो.

त्याने ताट फडक्याने पुसलं, उजेडात धरलं. "बगा. आता दुसऱ्यावर जावयांचं. नुसतं अभिराम घालू का समदं नाव घालू?"

तेव्हा कुठं मी ते नाव वाचलं.

त्या दोघी आतून बाहेर आल्या होत्या. दादासोचा आवाज त्यांनी ऐकला नाही असं होणंच शक्य नव्हतं. लीलाने पुढे होऊन ताट हातात घेतलं, वाचलं, आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं वो?" दादासोने विचारलं. "चुकलं व्हय काय? पावण्यांनी सांगितलं तसंच घातलंय न्हवं."

"तुमचं नाही चुकलं," मी म्हणालो. बोलणं भागच होतं. "अभिराम आमचा मुलगा. तो नाही आता. ही आमची सून आहे. तिचं दुसरं लग्न आहे."

दादासोने पेन बंद केलं. दुकानात एवढा वेळ त्या पेनचाच आवाज होता हे तेव्हा कळलं.

"म्हंजे लेक न्हवं ही?" धोंडुबाई म्हणाली. तिने आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मी मान खाली घातली. आता काय ऐकवते कोण जाणे, असं मला झालं होतं. "आणि सुनंचं लगीन तुमी लावून देतासा?"

"हो," लीला म्हणाली.

धोंडुबाईने पदर सारखा केला. "माझी थोरली जाऊ अशीच ऱ्हायली. जलम गेला चुलीम्होरं. तिला कुणी इचारलं न्हाय, मी बी इचारलं न्हाय. बरं केलासा तुमी."

दादासो जरा सावरला. धंद्याचा माणूस, वाट काढायला बघत होता. "वैनी, घासलं तर नाव जाईल, पर ताटाचा काठ दबतोय. जोडी दिसायची न्हाय मग. ते ऱ्हाऊ द्या. मी ते मोडीत टाकतो, तुमी दुसरं घ्या." त्याने ताट घ्यायला हात पुढे केला.

लीलाने ताट छातीशी धरलं. "मोडीत नाही टाकायचं," ती म्हणाली. मग माझ्यावर उसळली. "दोन नावं सांगायची होती तुम्हाला! दोन! एवढं साधं काम..." आणि तिथंच तिचा आवाज फुटला. "बरोबरच सांगितलंत हो. माझ्याही तोंडात तेच आलं असतं. पत्रिका छापल्या, देवीपुढं ठेवल्या, चपला घेतल्या, आणि ती जाणार आहे हे अजून आपल्या दोघांनाही कळत नाही."

आयुष्यभर मी या बाईला चारचौघांत रडताना बघितलं नव्हतं. अभिराम गेला तेव्हाही ती आलेल्या माणसांना चहा करून देत होती. आता परक्या गावात, परक्या दुकानात, मोडीच्या ढिगाशेजारी उभी राहून ती रडत होती आणि मला तिच्याजवळ जायचंही सुचत नव्हतं. चूक माझी होती. आम्ही महिनाभर जे बोलायचं टाळलं ते मी पितळेच्या दुकानात, भर दुपारी, काशावर कोरून घेतलं होतं.

अंतराने लीलाच्या हातातून ताट घेतलं. काठावर राहिलेली भुकटी ओढणीने पुसली आणि नाव वाचलं. मला वाटलं, ती आता समजुतीचं काहीतरी बोलेल. असू द्या बाबा, होतं असं. तसं ती बोलली असती तर मला सहन झालं नसतं.

ती दादासोकडे वळली. "काका, हे वेगळं बांधा. आणि मला नवी जोडी काढून द्या. ती मी घेऊन जाईन."

"आणि हे कुठं जायचं?"

"हे डोंबिवलीला. आमच्या घरी."

"अगं, आम्ही दोघं," लीला डोळे पुसत म्हणाली. "आणखी एक ताट घेऊन आम्ही काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?" अंतरा चांगलीच वैतागली होती, आणि तिचेही डोळे भरले होते. "माहेरी आल्यावर मी कशात जेवू?"

"माहेरी?" लीला म्हणाली.

"मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल," अंतरा म्हणाली. "महिनाभर वाट बघतेय. ये म्हणून एकदाही म्हणाला नाहीत दोघं. विश्वजित विचारत होता, दिवाळसण कुठं? मी त्याला काय सांगायचं? मला वाटलं, आता सुटलो बाई एकदाचे, असं झालंय तुम्हाला."

"आम्हाला?" मी ओरडलोच. माझा आवाज दादासोच्या वर गेला. "अगं, आम्ही घाबरून बोललो नाही! तुला ओझं नको म्हणून!"

"मग बोलायचं होतं ना बाबा! आणि या ताटावर अभिरामचं नाव आहे. ते मी तिकडे कशी नेऊ? आणि ते मोडीत कसं घालू? ते आपल्याच घरी राहायला पाहिजे. आले की मी त्यातच जेवणार."

मला हसूही आलं आणि रडूही. तीन शहाणी माणसं एका घरात राहून, एकमेकांना जपायच्या नादात, महिनाभर एकमेकांना नको झाल्यासारखी वागत होती. ते कळायला कोल्हापूरला यावं लागलं आणि माझी जीभ घसरावी लागली. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि अंतराच्या डोक्यावर हात ठेवला. बोलायला काही जमलं नाही. लीलाला मात्र जमलं. "दिवाळीच्या आधी चार दिवस ये," ती म्हणाली. "फराळाला हात लावायचा नाही. नुसती ये."

दादासो ताट कागदात गुंडाळायला लागला तशी धोंडुबाई बाकावरून उठली. तिने आपल्या पिशवीतून गुळाचा खडा काढला आणि ताटात ठेवला. "माहेरचं ताट रिकामं बांधू ने," ती म्हणाली. दादासोने गुळासकट ताट बांधलं.

मग नवी ताटं निघाली. लीलाने नाक ओढत ओढत पुन्हा टिचक्या मारायला सुरुवात केली आणि पहिलंच ताट परत केलं. नाद बसका आहे, म्हणाली. "वैनी, तुमच्या कानाफुडं काय बोलावं!" म्हणत दादासोने आतली फळी उघडली. जोडी ठरायला पुष्कळ वेळ लागला. अंतरा बाजूला उभी राहून लीलाच्या पसंतीची वाट बघत होती आणि मधूनच माझ्याकडे बघून डोळे मोठे करत होती. मी निमूट उभा होतो. त्या दिवशी मला घाई करायचा अधिकार नव्हता.

दादासोने पेन सुरू केलं. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. सरळ लीलाला म्हणाला, "बोला वैनी. सावकाश."

"एकावर अंतरा. दुसऱ्यावर विश्वजित."

"आडनावं?"

"नकोत."

"आणि देणाऱ्याचं?"

"आई-बाबांकडून, एवढंच घाला."

पेन काठावर टेकता टेकता थांबलं. "कुणाचं आई-बाबा? लग्नात दोन्हीकडनं भांडी येत्यात. उद्या हॉलवर घोळ नगो. मुलाकडचं का मुलीकडचं?"

आम्हाला मुलगी नव्हती. अभिरामच्या लग्नात आम्ही मुलाकडचे म्हणून मांडवात पुढं बसलो, आणि तो गेल्यावर आम्ही कुणाकडचेच राहिलो नव्हतो. मी लीलाकडे बघितलं. तिने अंतराचा हात धरला होता. तिने चेहरा पुसला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"मुलीकडचे."